किसन मिस्त्रीचा पिंपळाचा बुद्ध

किसन मिस्त्री कुठल्याही बुद्धमूर्तीपाशी गेला की आधी तिच्या पाठीमागे जायचा. लोक पुढून हात जोडायचे, आणि हा आपला मूर्ती आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मान घालून, डोळे बारीक करून बघत उभा. माझ्या मुलानं बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा भन्तेजींना बोलावून परित्राणपाठ ठेवला होता. सुनेनं हौसेनं दुकानातून लाकडी बुद्ध आणलेला, चांगला हातभर उंच. पाठ चालू, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि किसन टेबलामागे वाकलेला. सुनेच्या माहेरचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मी त्याला खुणेनं 'बस की बाबा' म्हटलं. जेवताना हळूच म्हणाला, "आक्का, सुनेला सांग, खिडकीत ठेवू नको. आत लाकडाचा गाभा तसाच ठेवलाय, कोरून काढला नाही. उन्हाळ्यात उभा तडकेल."

सुनेला राग आला. मे महिन्यात मूर्ती मानेपासून कमरेपर्यंत तडकली.

"पुढून सगळेच हसरे असतात," किसन म्हणायचा. "किती दिवस टिकणार ते पाठीला विचारायचं."

आमची वस्ती उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पाच्या टेकडीवरची. त्याच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. तो मला आक्का म्हणायचा, म्हणजे सगळेच म्हणतात, पण तो म्हणायचा तेव्हा मला माझा धाकटा भाऊ आठवायचा. फर्निचर बाजारात एका सिंधी शेठकडे त्याची उभी हयात गेली. सोफ्याच्या हाताला सिंहाची तोंडं, पलंगाच्या डोक्याशी मोर, देव्हाऱ्याच्या महिरपी. शिंकला तर रुमालावर सागाचा रंग उतरायचा. बायको शेवंता म्हणायची, "याला पिळला तर भुसा निघंल." आम्ही हसायचो. हसायचो, हे आता आठवलं की तोंड कडू होतं.

शेठ वाईट माणूस नव्हता. एकदा त्याला हॉटेलवाल्याची ऑर्डर आली, नुसती बुद्धाची डोकी पाहिजेत, भिंतीवर लावायला. शेठ म्हणाला, "साईं, सिर्फ फेस बना. आजकल फेस चलता है." किसन म्हणाला, "सेठजी, आपका फेस अलग करके दुकान में टांगू क्या? चलेगा?" शेठ हसला, आणि ती ऑर्डर दुसऱ्या कारागिराला गेली. किसन घरी येऊन पटाशीला धार लावत बसला. मग एवढंच म्हणाला, "मान कापून मग हात जोडायचे. काय लोक आहेत."

सुट्टीच्या दिवशी तो दारातल्या फरशीवर बसून उरल्यासुरल्या सागाचे लहान बुद्ध कोरायचा. वस्तीत लग्न झालं की जोडप्याला एक. आम्ही बायका भाजी निवडत त्याच्याभोवती बसायचो आणि तो पटाशी चालवत बोलायचा. कान लांब का, ते मला त्यानंच सांगितलं. "राजाचा मुलगा ना तो. जड जड कुंडलं घालायचा. घर सोडलं तेव्हा कुंडलं काढली, पण ओघळलेल्या पाळ्या राहिल्या. सोडलं त्याची खूण आहे ती, आक्का. कान आखूड केला तर मग त्यानं सोडलं काय?" डोळे अगदी शेवटी, सकाळच्या उजेडात, आणि उघडे. "आपल्याकडचा बुद्ध जागा पाहिजे. झोपलेले काय, गल्लीत खूप आहेत."

सगळ्यात अवघड म्हणजे भिऊ नका म्हणून वर केलेला हात. तो हात करताना त्याला बोललेलं चालायचं नाही. "बोटं ताठ ठेवली की ट्रॅफिकचा हवालदार होतो. सैल सोडली की टाटा करतो. मारायला उचललाय का धीर द्यायला, हे पेरावर ठरतं." आणि तो हात मूर्तीच्या खोडातून काढायचा नाही, वेगळा कोरून खुंटीनं बसवायचा. खोडातल्या रेघा उभ्या, हात पुढे आलेला, तसाच कोरला तर टणकन तुटतो.

आता पिंपळाचं सांगते.

आमच्या विहारासमोर जुना पिंपळ होता. रस्ता रुंद करताना तो गेला. तोडायला आले तेव्हा बायका खोडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, मीही होते. काही उपयोग झाला नाही. शेवटी एवढंच पदरात पडलं की बुंध्याचा एक मोठा ओंडका आम्हाला द्यायचा. तो विहाराच्या अंगणात आणून ठेवला. त्यातून पांढरा चीक गळत होता. कोणीतरी म्हणालं, याचाच बुद्ध करू. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. ज्या झाडाखाली ज्ञान झालं त्याच झाडाचा बुद्ध! अख्ख्या उल्हासनगर-अंबरनाथमध्ये कोणाकडे नाही.

विहारात मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष सोनवणे गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, बोलण्यात पक्के. किसनला पुढे बसवलं. तो म्हणाला, "गुरुजी, नको. पिंपळ सावलीला चांगला, कोरायला नाही. मऊ लाकूड. कीड लागते. दोन पावसाळे, फार तर तीन. मी सागाचा करून देतो, माझ्याकडं जुन्या चौकटी आहेत."

"मिस्त्री, अहो त्याच्याखाली तर बोधी प्राप्त झाली."

"खाली झाली ना? लाकडात बसून नाही झाली."

दोघंचौघं हसले. गुरुजी नाही हसले. किसन म्हणाला, पिंपळाचाच हट्ट असेल तर ओंडका पाच-सहा महिने पाण्यात ठेवा, मग वर्षभर सावलीत. गुरुजी म्हणाले, येत्या बुद्धपौर्णिमेला बसवायचा आहे, पाहुण्यांना बोलावलंय. किसन म्हणाला, "लाकूड त्याच्या मर्जीनं वाळतं, गुरुजी. पौर्णिमा बघून नाही वाळत."

तेव्हा मी उठले. मला लाकडातलं काय कळत होतं? काही नाही. पण त्या खोडाला मिठी मारलेली, ते डोक्यात होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शेठच्या घरचा देव्हारा करताना तुझं तोंड उघडत नाही, किसन. आमचा बुद्ध म्हटला की लाकडात दोष दिसतात होय?"

किसननं माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "करतो, आक्का."

त्यानं केला. कडुनिंबाचं तेल पाजलं, पाठीतून गाभा काढून मूर्ती पोकळ केली, जे जे करता येतं ते केलं. साडेचार फूट, उभा. पौर्णिमेला कापड बाजूला केलं तेव्हा बायका रडल्या. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ती बघितल्या, पण तो चेहरा असा, की आपण सांगावं आणि त्यानं ऐकून घ्यावं. माझा नवरा गेल्यानंतरचं पहिलं रडणं मी त्याच्यासमोर रडले. किसनला हार घातला तर तो म्हणाला, "मला कशाला? तुमच्या पिंपळाला घाला."

पुढच्या पावसाळ्यापासून किसन रोज पहाटे विहार झाडायला लागला. लोक म्हणाले, मिस्त्री म्हातारपणी धार्मिक झाला. एकदा मी लवकर गेले, तर हा मूर्तीच्या मागे बसलेला, हातात मेडिकलमधून आणलेली इंजेक्शनची सुई. मूर्तीच्या पाठीला बारीक बारीक भोकं, आणि तो एकेका भोकात किडीचं औषध सोडत होता. खाली फरशीवर पिठासारखा पिवळट भुगा.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "आता गप्प बस."

"किसन, लोकांना सांगू या. वेळ आहे तोवर सागाचा कर."

"काल ती गिरणीवाल्याची पोर याच्यापुढं तासभर बसली होती. नवऱ्यानं टाकलेली. तिला जाऊन सांगू, आत भुगा आहे?" आणि रुमाल नाकाला लावला. रुमालावर रक्त होतं. मी विचारलं तर म्हणाला, पॉलिशच्या वासानं होतं.

ते पॉलिशच्या वासाचं नव्हतं. शेवंतानं ओढून दवाखान्यात नेला तोवर आजार नाकातून गालाच्या हाडात पोचला होता. डॉक्टरांनी विचारलं, धंदा काय? शेवंता म्हणाली, लाकडाचा. आयुष्यभर हुंगलेली धूळ, म्हणाले. ऑपरेशन करून वरचा अर्धा जबडा काढला. चेहरा एका बाजूनं आत गेला. बोलायला लागला की नुसता वारा निघायचा, शब्द कळायचे नाहीत. इतक्या सुंदर तोंडाच्या मूर्ती केल्या त्या माणसाचं तोंड असं झालं. तरी फडकं बांधून पहाटेचं झाडणं चालूच.

मग एका रविवारी वंदना चालू असताना मूर्तीचा वर केलेला हात गळून पडला. आवाजसुद्धा फार झाला नाही. पडला आणि त्याच्यामागून भुग्याची धार लागली. पोरं ओरडली. गुरुजींनी हात उचलून बघितला. पिंपळाचं लाकूड बिस्किटासारखं चुरत होतं, पण आतली खुंटी शाबूत होती. सागाची खुंटी.

संध्याकाळी मीटिंग बोलावली. किसन फडकं बांधून एकटाच आला, शेवंता कामावर होती. गुरुजींनी ती खुंटी सगळ्यांना दाखवली.

"खुंटी सागाची, मूर्ती पिंपळाची. म्हणजे मिस्त्रींना माहीत होतं ना, हे टिकणार नाही? माहीत होतं तर बोलले का नाहीत?"

मागून एक जण म्हणाला, "बाजाराची सवय. वरून पॉलिश, आत सडकं."

दुसरा म्हणाला, "आपल्याच माणसांना फसवलं."

किसन उठला. काहीतरी बोलला. घशातून वारा आला, लाळ आली, एक शब्द कोणाला कळला नाही. दोन पोरं फिस्सकन हसली. तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. मला कळलं. भिंतीला भिंत लागून राहिलेली मी, मला कळणार नाही तर कोणाला? तो म्हणत होता, 'मी नको म्हणालो होतो.' पहिल्या मीटिंगला हजर असलेले आणखी आठ-दहा जण तिथं होते. कोणी हाताची नखं बघत होतं, कोणी पंखा. गुरुजींना तर खरोखरच आठवत नव्हतं की काय, कोण जाणे. मी बोलले असते तर पहिला प्रश्न मला आला असता, की मग त्याला भरीला कोणी पाडलं? किसननं माझ्याकडे बघितलं नाही. तो खाली बसला आणि फडकं नीट करत राहिला.

ठरलं असं, की मिस्त्रींनी मूर्तीला हात लावायचा नाही. दुकानातून फायबरची सोनेरी मूर्ती आली, चकचकीत. पिंपळाचा बुद्ध मागच्या पत्र्याच्या खोलीत खुर्च्यांशेजारी उभा केला. किसनला बाहेरचं कामही मिळेना, आणि त्याच्यानं होतही नव्हतं. पण ते त्याला एवढं लागलं नाही. वस्तीतली म्हातारी माणसं 'जयभीम, मिस्त्री' म्हणायची थांबली, ते लागलं.

शेवटी शेवटी तो लिहून बोलायचा, प्लायवूडच्या तुकड्यावर सुताराच्या पेन्सिलीनं. मी पेज घेऊन गेले होते. त्यानं लिहिलं, 'आक्का, तू सांग त्यांना. मी नको म्हणालो होतो. एवढंच.' माझ्यावर राग नाही, काही नाही. मूर्ती गेल्याचंही नाही. मिस्त्री खोटा निघाला, हे नाव मागं ठेवून जायचं नव्हतं त्याला. मी म्हटलं, सांगते. येत्या पौर्णिमेला सगळे जमतील तेव्हा सांगते. पौर्णिमा आली. विहारात खीर होती, लहान मुलांचे कार्यक्रम होते. मला वाटलं, सणाच्या दिवशी कशाला वाद? पुढच्या रविवारी बोलू. घरी येताना त्याच्या खोलीत डोकावले, तर तो दाराकडे डोळे लावून बसलेला. मी म्हटलं, "जमलं नाही रे आज." त्यानं मान हलवली. प्लायवूड उचललं नाही.

रविवार यायच्या आत तो गेला.

शोकसभेत गुरुजी चांगलं बोलले. कलावंत, समाजाची सेवा, सगळं. मग मी उठले आणि सांगितलं. पिंपळ नको म्हणालेला, सागाच्या चौकटी देतो म्हणालेला, पाण्यात ठेवा म्हणालेला. गुरुजींनी घाई केली आणि मी त्याला टोचून बोलले म्हणून त्यानं केला. त्यानं कोणाला फसवलं नाही. गुरुजी जागेवरून म्हणाले, "आक्का, पाणी घ्या. बसा. आता जुनं कशाला उकरायचं?"

बाहेर चपला घालताना शेवंता माझ्याजवळ आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती उभीच राहिली.

"ज्या दिवशी त्यांना सगळे बोलले, तेव्हा तुम्ही आत होता ना, आक्का?"

"होते," मी म्हटलं. "पहिल्या ओळीत बसले होते."