रेस ड्रायव्हरच्या आईचं घर

ती डॉक्युमेंटरी होती वीस मिनिटांची. तिचे किस्से मात्र इंदापुरात आमच्या पंचायत समितीच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर दोन वर्षं पुरले. एक संपतोय तोवर कुणीतरी अंथुर्ण्याहून दुसरा घेऊन यायचं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंथुर्ण्याचा मिलिंद मद्रासच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यती जिंकू लागला. त्याच्यावर फिल्म काढायला पुण्याहून एक डायरेक्टर आला. मिलिंदची आई सुमनबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. स्वतःच्या पगारातून त्यांनी दोन मजली घर बांधलेलं. त्यांची अट एकच, "फिल्ममध्ये माझं घर दिसलं पाहिजे."

"ऑफकोर्स!" डायरेक्टर म्हणाला.

*

घरात शिरताच त्याचा चेहरा पडला. टीव्ही, भिंतभर पुस्तकं, वर गच्ची.

"बाई, यात स्ट्रगल कुठं दिसतोय?"

"भिंतीच्या आत आहे. वरून प्लास्टर केलंय."

*

त्याला चूल हवी होती. बाईंकडे गॅस. आळीभर हिंडून पाणी तापवायची एक चूल सापडली, पण बाईंनी फुंकणीला हात लावला नाही. शेवटी हा स्वतःच फुंकायला बसला.

फिल्ममध्ये चुलीपाशी जो करुण खोकला ऐकू येतो, तो डायरेक्टरचा आहे!

*

मिलिंद गाडी शिकला वडिलांच्या फियाटवर, कालव्याच्या रस्त्यानं. हेही डायरेक्टरला पसंत नव्हतं. "बैलगाडी टू रेसकार!" म्हणत त्यानं मिलिंदला शेजारच्या तात्यांच्या बैलगाडीत बसवलं. जन्मात कासरा न धरलेला गडी. बैल थेट उसात!

तात्या बांधावरून ओरडले, "आरं, कासरा वढ, कासरा!"

उसातून आवाज आला, "तात्या, रिव्हर्स कुठंय?"

*

मग घर म्हणून तात्यांचा गोठा निवडला. म्हैस बाहेर काढून दारात मिलिंदला बसवलं. बाई संतापल्या, "हे माझं घर?"

"सिंबॉलिक आहे, बाई."

तात्या म्हणाले, "तुमचं सिंबॉलिक बिगीबिगी आवरा. माझी म्हस उन्हात हाय."

*

शाळेत फिल्म दाखवली. बाई पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत. वीस मिनिटांत शर्यत दोनदा दिसली, गोठा चारदा. घर एकदाही नाही. वर गंभीर आवाजात निवेदन, "याच झोपडीत एका अडाणी माउलीनं..."

तात्या उभेच राहिले, "ए, ते माझ्या म्हशीचं घर हाय!"

सगळा हॉल हसला. बाई मात्र उठून निघून गेल्या.

*

पुढं ती फिल्म कुण्या मोठ्या साहेबांनी पाहिली. त्यांना गहिवर आला. आमच्या ऑफिसात कागद येऊन धडकला : मिलिंदच्या निराधार आईला घरकुल मंजूर करावं. साहेबांचा शेरा होता, त्यामुळे कुणी चौकशी करण्याचा प्रश्नच नव्हता. मी हेडक्लार्क. फॉर्म घेऊन गेलो.

बाईंनी गच्चीवर चहा दिला. चष्मा लावून फॉर्म वाचला. लाल पेनानं आमच्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या. मग लाभार्थी म्हणून लिहिलेलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथं डायरेक्टरचं नाव लिहिलं.

"बाई, हे काय?"

"द्या हो त्याला. बिचाऱ्याला अख्ख्या अंथुर्ण्यात एक घर सापडलं नाही!"