रंभाबाईची हिवाळ्यातली बियर

चंद्रपूर जिल्ह्यात कोरपन्याच्या बाजूला, सिमेंटच्या ट्रकांनी रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा पांढऱ्या करून टाकलेल्या एका गावात रंभाबाई वासेकर राहते. नवरा दादाजी कापूस आणि तूर पिकवतो. रंभाबाई सत्त्व बनवते. ज्वारी, नाचणी, मूग भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद आचेवर भाजून दळायचे. पंचक्रोशीत कुणाकडे पाळणा हलला की रंभाबाईच्या सत्त्वाचा डबा त्या घरी पोचलाच म्हणून समजा.

तिची आणखी एक ओळख आहे. जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून बायांनी मोर्चे काढले, तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. तिचा सासरा लटारू दारूपायी गेला. तो जायच्या आधी घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली, आणि एका संध्याकाळी सासूचे पुढचे दात गेले. दादाजीनं हे सगळं लहानपणी पाहिलं, म्हणून त्यानं जन्मात घोट घेतला नाही. मोर्चात रंभाबाईच्या शेजारी असायची गिरजाबाई, बचत गटाची अध्यक्ष. तिचा धाकटा भाऊ पिऊन तलावात पडला होता. दोघी घोषणा देऊन घसा बसवून घेत आणि घरी येऊन एकाच पातेल्यातला काढा पीत. बंदी आली, काही वर्षांनी उठलीही. दोघींची मैत्री मात्र टिकून राहिली.

पुनमला, म्हणजे रंभाबाईच्या मुलीला, पुण्यात बाळ झालं. नोकरीमुळे माहेरी येणं जमेना, म्हणून रंभाबाईच सत्त्वाचे डबे घेऊन पुण्याला गेली. एका रविवारी ती बाळाला न्हाऊ घालून बाहेर आली, तर घरभर ओळखीचा वास सुटला होता. मोड आलेलं धान्य शिजल्याचा गोडसर वास. स्वयंपाकघरात जावई पियुष भल्या मोठ्या पातेल्यात डाव ढवळत उभा होता.

"काय जवाईबापू, सत्त्व करून राह्यले काय?" रंभाबाईनं कौतुकानं विचारलं.

पियुषचा डाव थांबला. त्यानं पुनमकडे पाहिलं, पुनमनं बाळाकडे.

"आई," शेवटी पुनमच म्हणाली, "ते बियर बनवतात घरी. शौक आहे त्यांचा."

रंभाबाई बाळाला घेऊन खोलीत गेली आणि त्या दिवशी जावयाशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो वास तिला स्वस्थ बसू देईना. पियुष ऑफिसातून आला तेव्हा ती त्याच्यासमोर चहा ठेवून म्हणाली, "मोड आलेले जव होते ना ते?"

पियुषला हायसं वाटलं. त्यानं सगळं सांगितलं. मोड आणून वाळवलेले जव जाडसर भरडायचे, गरम पाण्यात मुरत ठेवायचे, म्हणजे त्यांचा गोडवा पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून उकळायचं, उकळताना हॉप्स घालायचे. एका वेलीची ती वाळलेली हिरवी फुलं. कडूपणा आणि वास त्यांच्यामुळे येतो. मग थंड करून यीस्ट टाकायचं आणि झाकून ठेवून द्यायचं.

"अर्ध्यापर्यंत तर हे माहंच काम आहे," रंभाबाई म्हणाली. पुढचं अर्धं तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही ही गोष्ट तिला सलायला लागली.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच म्हणाली, "तुमी जिथी हे शिकले, ते मले दाखवा." जिथल्या तिथे बियर बनवून देतात अशा एका ठिकाणी पियुष सगळ्यांना घेऊन गेला. काचेपलीकडे तांब्याची मोठाली भांडी होती. माणसं बायकापोरांसह जेवत होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पडत नव्हतं. रंभाबाई पदर सावरून बसली आणि बराच वेळ नुसती लोकांकडे पाहत राहिली. मग लाकडी पाटीत छोटे छोटे ग्लास आले.

पहिला तिनं ओठाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "काडेचिराईत आहे हे तर!" दुसरा गव्हाचा होता. त्याला पिकल्या केळ्याचा वास येत होता. "यात केळी टाकली काय?" तिनं विचारलं. पियुष म्हणाला, केळं नाही टाकत, तो वास यीस्टच तयार करतं. यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. तिसरा ग्लास काळाभोर. तो तिनं सावकाश प्यायला. तव्यावर किंचित करपलेल्या भाकरीचा पापुद्रा चावावा तशी चव होती, आणि मागून हलकासा गोडवा. तो ग्लास तिनं संपवला. मग आता आपल्याला काय होतं याची वाट पाहत बसली. कान थोडे गरम झाले, एवढंच.

घरी येताना रिक्षात ती बाळाला मांडीवर थोपटत होती. सासऱ्याला शिव्या घालताना आपण इतकी वर्षं नेमक्या कोणाला शिव्या घातल्या, माणसाला की बाटलीला, हे तिला कळेनासं झालं होतं. आणि ती काळी चव अजून जिभेवर होती, हेही खरं.

गावी परतल्यावर तिनं पहिल्याच दिवशी दादाजीला सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी तिला जमत नाही, निदान नवऱ्याशी तरी. दादाजी न जेवता शेतात निघून गेला. चार-सहा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मग एकदा गोठ्यात शेण काढताना त्यानंच विषय काढला.

"तुले पेयाची आहे का बनवाची?"

"बनवून पाहाची आहे. बनवली त पेईनही, खोटं कायले बोलू? सत्त्वाचं धान्य मी अर्ध्या रस्त्यात थांबवते. पुढं त्याचं काय होते, ते मले पाहाचं आहे."

दादाजीनं फावडं भिंतीला टेकवलं. "बनव. पण लपवून ठेवू नोको. माहा बाप लपवून ठेवे. कणगीत, कडब्यात, कुठीबी. बाटलीपेक्षा मले ते शोधत फिरणं खराब वाटे. जे काय हाय ते समोर ठेवजो."

पियुषनं कुरिअरनं हॉप्स आणि यीस्ट पाठवलं. जव चंद्रपूरच्या बाजारात मिळाले. रंभाबाईनं मोड आणले, गच्चीवर वाळवले, मुळ्या चोळून काढल्या. इथवर हात सरावलेले होते. पण दिवस होते वैशाखाचे. आपल्याकडचा वैशाख म्हणजे संध्याकाळीही भिंतीला हात लावावा तर चटका बसतो. यीस्ट टाकलेलं भांडं दोन दिवस नुसतं खदखदत राहिलं. झाकण काढलं तर रंगाच्या दुकानात शिरल्यासारखा थिनरचा वास. तिनं पियुषला फोन लावला.

"आई, तिकडे गरमी किती आहे?"

"पंखा बी आग फेकून राह्यला, बापू."

"मग यीस्ट तापलं. त्याला गारवा लागतो."

ते सगळं उकिरड्यावर गेलं. गाळून उरलेला चोथा मात्र म्हशीनं इतक्या आवडीनं खाल्ला, की पुढे कित्येक दिवस रंभाबाई दिसली की ती मान वर करून हंबरे.

दुसरा डाव हिवाळ्यात मांडला. या वेळी जवात थोडी ज्वारीही होती. भांडं पाण्याच्या घमेल्यात ठेवलं, भोवती ओलं पोतं गुंडाळलं. दहा-बारा दिवसांत वरचा फेस बसला, खाली गाळ जमला, आणि वास असा आला की रंभाबाई भांड्यापाशी उकिडवी बसून हसली. बाटल्या भरताना फेस धरावा म्हणून थोडी गोडी घालायची असते. तिनं गूळ घातला, आणि आपल्या हातानं घातला. म्हणजे जरा जास्तच.

बाटल्या समोरच्या खोलीत फळीवर ठेवल्या. नवऱ्याला दिलेला शब्द तिनं पाळला होता. फक्त फळीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. कारण गिरजाबाई दर दोन दिवसांनी येई, आणि तिला कसं सांगावं हे रंभाबाईला अजून सुचलेलं नव्हतं.

एका दुपारी गिरजाबाई खाटेवर बसून बचत गटाच्या पापडांबद्दल बोलत होती. तेवढ्यात पडद्यामागे फट्‌ करून आवाज झाला. मग दुसरा. काचा खळ्‌कन पडल्या, आणि पडद्याखालून फेसाचा ओघळ वळण घेत गिरजाबाईच्या पायापाशी आला.

"अवं माय! काय फुटलं वं?" गिरजाबाईनं पाय वर घेतले. मग तिच्या नाकाला वास कळला. तिनं दाराकडे, दादाजीच्या चपलेकडे पाहिलं. "दादाजीनं सुरू केली?"

"नाई, बाई. त्याईनं नाई. माही हाय."

"तुही?"

"बियर हाय. म्या बनवली."

गिरजाबाई उठली. पदर खांद्यावर ओढून उंबरा ओलांडून निघून गेली. रंभाबाई काचा वेचत बसली, आणि वेचता वेचता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. संध्याकाळी दादाजीनं तो पडदा काढून टाकला.

"पडदा नसता त बोलणं आधीच झालं असतं," एवढंच तो म्हणाला.

महिनाभर गिरजाबाई फिरकली नाही. गटाच्या बैठकीत ती दुसऱ्या टोकाला बसे. शेवटी रंभाबाईच तिच्या घरी गेली. गिरजाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. रंभाबाई जवळचं दुसरं सूप घेऊन पाखडायला लागली.

"तुमाले न सांगता केलं, ते चुकलं," ती म्हणाली. "बियर केली ते चुकलं, असं मात्र मले वाटत नाई."

"आपण घसे फाडले होते, रंभा."

"फाडले. आजही कोणी बायकोवर हात टाकला त फाडीन."

"मंग हे काऊन?"

"मामंजी चव घेत नोते, बाई. शुद्ध जावी म्हणून पेत. मले शुद्ध नाई घालवाची. मले पाहाचं हाय, मूठभर जवातून काय काय निघते."

गिरजाबाईचं सूप थांबलं. "पेणारा हरेक माणूस सुरुवातीले असंच काईतरी बोलते. माहा भाऊ बी बोले."

रंभाबाईनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "त तुमीच नजर ठेवा. हिवाळाभर येत जा. मी घसरली असं वाटलं, त माह्यासमोर बोला. त्या दिवशी भांडं उचलून मीच उकिरड्यावर टाकीन."

"अन्‌ कायदा?"

"कायद्याले विचारलं त तो नाईच म्हणीन."

गिरजाबाईला हसू आलं, ते तिनं तुरीकडे पाहून दाबलं. "मंग एक घोटही घराच्या बाहेर जाऊ नये. विकाचं नाव काढाचं नाई. पोराईच्या हाती लागलं नाई पायजे."

"नाई लागणार."

पुढच्या वेळी रंभाबाईनं भांडं चढवलं, तेव्हा गिरजाबाई खरोखरच पहाऱ्याला येऊन बसली. जव मुरले, पाणी गाळलं. हॉप्स घालायच्या आधी रंभाबाईनं त्यातलं तांब्याभर बाजूला काढलं, सुंठ आणि वेलदोडा घालून उकळलं आणि वाटीत ओतून गिरजाबाईपुढे ठेवलं. "यात यीस्ट नाई, काही नाई. नुसत्या मोडाची गोडी हाय. पाहा."

गिरजाबाईनं शंकेनं हुंगलं, मग प्यायली, मग वाटी पुढे केली. तेव्हापासून भांडं चढलं की पहिला तांब्या गिरजाबाईचा, असा रिवाज पडला. तिची नातवंडं त्याला 'रंभाआजीचा चहा' म्हणतात. पहारा अजून चालू आहे. हल्ली त्यात पापडांच्या आणि सुनांच्याच गोष्टी जास्त होतात.

गूळ किती घालायचा, हे रंभाबाईला आणखी एक बाटली फुटल्यावर समजलं. पुढच्या हिवाळ्यात संक्रांतीला पुनम आणि पियुष बाळाला घेऊन आले, तेव्हा तिनं अंगणात उन्हात एक बाटली उघडली. तव्यावर काळपट भाजलेले जव, आणि सोबत वाळलेली मोहाची थोडी फुलं, असा त्या खेपेचा बेत होता. पियुषनं घोट घेतला आणि ग्लास उन्हात धरून पाहत राहिला.

"आई, मनुकांचा वास येतोय. काय टाकलंत?"

"मोहफुलं. जास्त टाकली त त्याईचाच वास राहते, बाकी काही समजत नाई. दोनदा फसलं."

"मला पुण्याला न्यायला द्याल थोडी? फुलं म्हणतोय मी."

"फुलं न्या. बाटली नाई. गिरजाबाईले शब्द देला हाय."

दादाजी लाखोळीच्या डाळीचे वडे खात बसला होता. त्यानं हात पुसला, बायकोच्या हातातला ग्लास घेतला, हुंगला, आणि सगळ्यांच्या देखत एक घोट घेतला. जन्मातला पहिला. त्याचा चेहरा असा काही आक्रसला की पुनमला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

"एवढी मेहनत करून तुमी हे कडू पेता?" त्यानं ग्लास परत दिला आणि वरून दोन वडे तोंडात कोंबले.

रंभाबाईनं तो ग्लास घेतला आणि भिंतीला पाठ टेकून बसली. अर्धा ग्लास तिला पुरे होतो. उरलेली बाटली पियुषकडे सरकली. पौषाचं ऊन पाठीवर येत होतं. वेचलेल्या कापसाचा ढीग ओसरीवर होता, आणि बाळ त्यात हात घालून मूठ मूठ उडवत होतं. रंभाबाई सावकाश घोट घेत होती. गहू घालून करता येईल का, त्यात ते केळ्याचं यीस्ट टाकलं तर चव कशी लागेल, पण ते आता नको, थंडी संपत आली, पुढच्या मार्गशीर्षात बघू, असं काहीबाही तिच्या मनात चाललं होतं. तेवढ्यात म्हशीला सकाळीच गाळून ठेवलेल्या चोथ्याचा वास लागला आणि ती गोठ्यातून हंबरली. "आलो वं बाई, आलो," म्हणत दादाजी घमेलं घेऊन उठला.