आत्याची बॅटरी

मामा वारले त्या दिवशी मोटरसायकलची किल्ली चालूच राहिली. ते डेअरीवर दूध घालून आले, उतरले आणि गोठ्यापुढे कोसळले. माणसं त्यांना उचलायला धावली. किल्लीकडे कोणी पाहिलं नाही. हँडलजवळचा हिरवा दिवा जळत राहिला आणि मग विझला.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं घर शिरूरजवळच्या निमोणे गावात. मी दौंडहून तिच्या सोबतीला गेले होते. तिसऱ्या दिवशी आत्याच्या धाकट्या दिरांनी किका मारून पाहिल्या. गाडी ढिम्म.

"दादासंग गाडीबी गेली, वहिनी. मोडीत देऊ. तुमचं दूध मी माझ्या खात्यावर घालत जाईन."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. "भाऊजी, गाडी कुठं गेली न्हाई. किल्ली चालू ऱ्हायली म्हून बॅटरी उतरली. दिवाळीला तर बसवलीया."

"सुतक हाय. तेरावा होऊ द्या."

"म्हशींना सांगा तसं. थांबत्यात का बघा."

तिने पाना घेऊन बॅटरी काढली. आधी काळी वायर, मग लाल. ती पिशवीत उभी ठेवली आणि जीपने शिरूरला निघाली. कालपरवा नवरा गेलेली बाई जीपमध्ये! आळीतल्या बायका दारात आल्या. मी मान खाली घालून तिच्यामागे चालले. तिची मान वर होती.

दुकानदार म्हणाला, "मावशी, नवीच टाका."

"नवीच हाय. तीन-चार वर्सं चालती बॅटरी, हिला अजून वर्स न्हाई झालं. चार्ज करा. परत उतरली तर तुमची नवी घेते."

बॅटरी परत उतरली नाही. गाडी तिला मामांनीच शिकवली होती, पण शेतातल्या शेतात. आता ती किटल्या लावून भर गावातून, दिरांच्या ओट्यासमोर हॉर्न देत डेअरीवर गेली. दूध तिच्याच खात्यावर पडलं.

पुढे तिने बॅटऱ्या बदललेल्याही मी पाहिल्या. "हॉर्न घोगरा झाला का चार्ज करायची," ती सांगायची. "चार्ज करूनबी रातभरात परत उतरली, तवा बदलायची. उगं वरीस बघून न्हाई."

आत्याची साठी उलटल्यावर दीर एकदा म्हणाले, "वय झालं, वहिनी. सोडा आता गाडी."

"सकाळी रस्त्याला उभं ऱ्हावा, भाऊजी. आले न्हाई, तर झालं समजा."

गेल्या आठवड्यात एका सकाळी ती आली नाही. झोपेतच गेली होती. मी पोचले ती आधी गोठ्याकडे वळले. किल्ली खुंटीला होती.

दहावा अजून व्हायचा आहे. तोवर गाडीला हात लावू नकोस, असं दीर म्हणाले. म्हशी त्यांच्या दावणीला गेल्या. गाडी मी चालवत दौंडला आणली. ती माझ्या दारात उभी आहे आणि रोज सकाळी सुरू होते.