कौसल्या वैनींकडचा उतारा

बातमी आली तेव्हा मी नेरडीगोंड्याच्या फंक्शन हॉलमध्ये खोल्या मोजत होतो. हायवेच्या कडेचा हा हॉल आमच्या मराठी शिक्षकांच्या अधिवेशनासाठी यंदाही ठरलेला. आत थंडगार, खिडक्या कायमच्या बंद आणि फोनला रेंज नाही. बाहेर आलो तर दादाचे सात मिस्ड कॉल. फोन लावला. दादा म्हणाला, "कौसल्या गेली. छातीत कळ आली म्हनली, अन् गेली." ट्रकांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. तेच वाक्य त्याला माझ्यासाठी दोनदा म्हणावं लागलं, याची अजून लाज वाटते.

कौसल्या वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा आदिलाबादच्या कचेरीतला कारकून, मी मराठी शाळेचा मास्तर आणि वीसेक वर्षं या अधिवेशनाचा चिटणीस. तेव्हा वस्तीतच मंडप घालून दोन दिवसांचं अधिवेशन भरे, पण नांदेड, किनवट, यवतमाळकडून माणसं येत, इंद्रवेल्लीकडचे गोंड मास्तरही येत. लॉजवर उतरण्याची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून आमच्या वस्तीत पद्धत पडली की प्रत्येक घरानं दोन-चार पाहुणे ठेवून घ्यायचे. याला आम्ही उतारा म्हणायचो. कोण कुणाकडे, ही यादी मी करायचो आणि ज्याला कुठंच जागा नाही त्याच्यापुढे वैनींचं नाव लिहून मोकळा व्हायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी मंडपात माइक धरून आणि वैनी चुलीपाशी... वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मंडपात त्या एकदाही आल्या नाहीत. स्वभाव तसा तिखट. एका साली अध्यक्ष आपलं भाषण लांबवून तासभर उशिरा जेवायला आले, तर वैनींनी त्यांना सकाळची वाळलेली भाकरी वाढली आणि शांतपणे सांगितलं की तुमचं बोलणं लांबलं तशी आमची भाकरी वाळली. अध्यक्ष निमूट जेवले. पुढच्या साली त्यांनी स्वतःहून वैनींकडेच उतारा मागितला.

सकाळी चहाच्या वेळी वैनींच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. काय बोलत असतील, याची मी कधी चौकशी केली नाही. नांदेडच्या एका बाईंनी तिथंच नर्सिंगच्या शाळेची माहिती सांगितली आणि वैनी गल्लीतल्या मुलींच्या घरोघर जाऊन आयांशी भांडल्या. आज त्यांतल्या तीन मुली नर्स आहेत. किनवटच्या सुनंदाबाईंनी पुस्तकं पाठवली आणि चाळिशी उलटल्यावर वैनी दहावी पास झाल्या. अधिवेशनाच्या अहवालात यातलं काही नाही. त्यात मी ठराव लिहीत असे. ते ठराव कुठं गेले, ते मला विचारू नका.

मग हायवेला हॉल झाला. खोल्या, गरम पाणी, जेवणाचं कंत्राट. घरोघरचा उतारा बंद करण्याचा ठराव मीच लिहिला आणि वैनींसाठी लिहिला असं मला मनापासून वाटत होतं. आमची आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती दादाकडे. तिचं सगळं वैनींनी केलं. आई गेली तोवर वैनींचे गुडघे गेले होते. त्यांना आता तरी सुटका मिळावी, म्हणून मी मोठ्या ऐटीत सांगायला गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"मले इचारलं काऊन नाई?" त्या म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "भाऊजी, सालभर मी ह्या घरातच राह्यते. ते दोन दिवस दुनिया माह्या घरी येत होती. तेबी तुमी नेरडीगोंड्याले नेली."

त्या साली मी त्यांना हॉलवर घेऊन गेलो. गळ्यात 'निमंत्रित' लिहिलेला बिल्ला अडकवला, दुसऱ्या रांगेत बसवलं. दार बंद झालं की आत-बाहेर करता येत नव्हतं. जेवताना त्या ताट हातात धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुनंदाबाई भेटल्या, पण दोन मिनिटांत पुढचं सत्र सुरू झालं. परतताना जीपमध्ये त्या एवढंच म्हणाल्या की तिथं सगळेच पाहुणे होते, घरचं कुणीच नव्हतं. मग त्यांनी पुढच्या बारीला निदान चार पाहुणे तरी माझ्याकडे द्या, असं मागितलं. मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या साली पुन्हा मागितलं, पुन्हा बघतो म्हणालो.

बघायचं काय होतं? ठराव माझ्याच हातचा. तो फिरवावा तर कमिटीत हसं, न फिरवावा तर वैनींसमोर मान खाली. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगायचं तर कमिटीनं चार पाहुणे आनंदानं दिले असते. मागासलेला चिटणीस म्हणवून घ्यायला मीच भ्यालो. वैनींना चार पाहुणे हवे होते, आणि ते मी दिले नाहीत.

वैनींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, माणसं आली. पत्र नाही, यादी नाही, तरी किनवट, नांदेड, यवतमाळहून बायका आदल्या दिवशीच आल्या आणि सरळ दादाच्या घरी उतरल्या. चहाचा डबा कुठला, कोणत्या नळाला पाणी येतं, मागच्या दाराची कडी कशी उचलून लावायची, सगळं त्यांना ठाऊक. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. माझ्याच भावाच्या घरात माझ्यामुळे त्यांची वाट अडत होती, तर सुनंदाबाईंनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

निघताना त्यांनी विचारलं, "मास्तर, यंदा आमचा उतारा कुठं?" मी हॉलचं सांगितलं. खोल्या, गरम पाणी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "तिथं घरात कोन असते?" त्या म्हणाल्या.

पाहुण्यांच्या अकरा गाद्या अजून बाहेरच्या खोलीत आहेत. उतारा बंद झाल्यावरही वैनी त्यांना दर रविवारी ऊन दाखवत. आता दादा दाखवतो. मागच्या रविवारी मीही गेलो. एकेक गादी दोघांनी धरून अंगणात आणली, झाडली, उलटवली. दुपार कलल्यावर पुन्हा आत नेऊन रचली. कोण येणार आहे, हे दादानं मला विचारलं नाही. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी येजो. एकट्यानं उचलत नाई."