साहेबाच्या वंशावळीतून गळलेली मुलगी

वंशावळ काढावी तर ठाण्याच्या त्र्यंबकराव कर्णिकांनीच. वतनाचा तंटा कल्याणचा असो की शहाडचा, ते चष्मा सरसावून बसले की सात पिढ्यांचे पूर्वज मुकाट्यानं रांगेत उभे राहत. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते मुळीच लपवत नसत. घोडं अडलं होतं ते स्वतःच्या घरी. पदरी एकच लेक, आठ वर्षांची सुमती. कोपरीचं घर आणि आमराई पुढे कुणाची, म्हणून चुलतभाऊ विश्रामचा मुलगा दत्तक घ्यायचं ठरलं. सोमवारचा मुहूर्तही निघाला. तेव्हापासून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात कामापुरतंच बोलत.

अशात बुधवारी कचेरीतल्या वेंडल साहेबानं बोलावलं. त्याचा विलायतेतला चुलता वारला होता. पाचशे वर्षांपूर्वी राजानं घराण्याला दिलेल्या गढीवर हक्क सांगायचा, तर वंशावळ पुढच्या टपालबोटीनं जायला हवी होती. कागद नुसते कुजके! त्र्यंबकराव तीन दिवस खपले. लढाईत पडलेले, घोड्यावरून पडलेले, मेजवानीत आडवे झालेले सगळे सरदार त्यांनी सुवाच्य अक्षरात ओळीनं बसवले.

शनिवारी कागद पाहताच साहेब उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला.

"मार्जरी कुठे आहे?"

"ती मुलगी होती, साहेब. आम्ही मुली धरत नाही."

त्यांनी तिला गाळून तिचा मुलगा थेट आजोबांखाली चिकटवला होता.

"तिच्या बापाला मुलगा नव्हता. गढी तिला मिळाली! नवऱ्यानं तिचं आडनाव लावलं! ती नाही तर मी कोण?"

"नवऱ्यानं? बायकोचं?"

खरं तर शरमेनं मान खाली जायची, पण त्र्यंबकरावांना हसूच फुटलं. मार्जरीला तिच्या जागी बसवून ते जे सुटले, ते धोतर सावरत कोपरीच्या वाटेला. वाटेत बोंबील विकणारी आवडाबाई कोळीण भेटली, तिलाही थांबवून सांगितलं.

"मंग? माजे जावयाला बी माजेच नावानं वलखतान," ती म्हणाली. "बोंबील घेताव का?"

त्यांना हसण्याची आणखीच उकळी फुटली. कायदा तर तोंडपाठ होता. मुलगा नसला, दत्तक नसला, तर आपल्याकडेही मुलीला मिळतंच. सुमतीला नाही म्हणणारे एकटे तेच होते! आनंदानं आणि लाजेनं त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात.

घरी पोचताच त्यांनी दारातूनच ओरडून सांगितलं, "अहो, ऐकलंत का? दत्तक रद्द! विश्रामला कळवतो. घर, आमराई, सगळं सुमतीचं!" आणि एका दमात गढी, लढाई, मार्जरी, नवरा असं सगळं ऐकवलं.

सरस्वतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे डोळे भरून आले, ओठ हसू लागले.

"एवढं कळायला पाचशे वर्षं मागं आणि विलायतेपर्यंत जावं लागलं?" त्या म्हणाल्या. "मी इथंच होते की. मला विचारायचं होतंत."