पंख्याचा पट्टा

घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तेल्हाऱ्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. निवृत्तीनंतर सरांनी अकोल्यात कारचं इंजिन लावून छोटं विमान बांधलं. इंजिनाचा वेग पंख्याला झेपेल इतका कमी करणारी पुली-पट्ट्याची जोडणी मी केली होती. उड्डाणाच्या आदल्या दिवशी इंजिन चालवलं, तर मधल्या वेगावर सगळा सांगाडा थरथरला.

“सर, उद्या नको.”

“काहून भेऊन राहिला बे? उडायचं मले आहे.”

त्यांच्यापुढे दुसऱ्यांदा बोलणं मला जमलं नाही. ते चहाला गेल्यावर मी पट्टा काढला आणि अमरावतीची बस धरली. पोचताच पत्र लिहिलं:

“सर, पट्टा मी नेला. थरथर कशाने येते ते सापडलं की मीच आणून बसवीन. तोवर शिव्या द्या, चालतील.”