भुऱ्या हरावा म्हणून

मोटारींच्या शर्यतीचा रविवार असला की अंबडच्या कचरूआप्पांच्या घरात दुपारपासूनच टीव्हीची तयारी सुरू होते, आणि शेजारचा रखमाजी दारातूनच विचारतो, "आप्पा, लागले का तुमचे बिनछपराचे ऑटो?"

रखमाजीला काय कळणार! चारही चाकं उघडी, ड्रायव्हर मानेपर्यंत आत बसलेला आणि ताशी तीनशेचा वेग. आप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. वळणाआधी ब्रेक नेमका कुठे दाबायचा हे ड्रायव्हरलाच कळतं.

हा नाद लावला मुलानं, आदिनाथनं. तो चाकणला कारखान्यात आहे. दोघांचा लाडका ड्रायव्हर एकच, सोनेरी केसांचा, हडकुळा. त्याचं खरं नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून आप्पांनी त्याचा भुऱ्या करून टाकला. यंदा भुऱ्या गुणांत सगळ्यांच्या पुढे होता. आज जिंकला, की चार शर्यती बाकी असतानाच विजेतेपद त्याचं.

आणि आप्पा जांबच्या रामरायाला मनोमन साकडं घालत होते, की देवा, आज भुऱ्याला हरव.

दीड वर्षापूर्वी उषाबाईंच्या छातीत कळ आली. आदिनाथ फोनवर म्हणाला, "गाडी घेऊन येतो, मायला पुण्याला नेऊ." आप्पा म्हणाले, "पित्त असंल. दोन दिवस पाहू." ते दोन दिवस उषाबाईंना मिळाले नाहीत. एकतीस वर्षांत ज्याची गाडी स्टँडवरून कधी उशिरा सुटली नाही, तो माणूस बायकोच्या वेळेला बसून राहिला. मुलगा त्यावर एका शब्दानं भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

आता फोन येतो तो शर्यत संपल्यावर. टायर, पाऊस, कोण कुणाला आडवा गेला. चार मिनिटं. मायचं नाव दोघंही काढत नाहीत. गेल्या खेपेला आदिनाथ म्हणाला होता, "भुऱ्याचं एकदा पक्कं झालं, की बाकीच्या रेस कोण बघतंय, आप्पा?" तेव्हापासून आप्पांना घास गोड लागत नव्हता.

निम्मी शर्यत झाली आणि भुऱ्या टायर बदलायला आत आला. एक चाक काही केल्या निघेना. पहिल्यावरून तो चौथा झाला. आप्पांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. पण पुढच्या तिघांचे टायर घासत आले होते. गाड्या वळणावर कशा सरकतायत ते पाहूनच आप्पांनी ते ओळखलं, आणि पुढं काय होणार तेही. शेवटच्या फेरीत भुऱ्यानं त्या तिघांतल्या उरलेल्या एकालाही मागं टाकलं आणि पहिला आला.

टीव्हीवर लोक नाचत होते. आप्पा हातात फोन धरून बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन वाजला नाही. मग जे त्यांनी दीड वर्षात केलं नव्हतं ते केलं. आपणहून नंबर लावला.

"आप्पा? काय झालं? तब्येत बराबर हाय ना?" आदिनाथचा आवाज घाबरा झाला होता.

"मी बराय. भुऱ्यानं बाजी मारली."

"पाह्यलं."

टायरांबद्दल काय बोलायचं ते आप्पांनी ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"आदिनाथ, त्या दिवशी तुझं बराबर व्हतं. तुझ्या मायला न्यायला पाह्यजे व्हतं. मी उशीर केला."

आप्पांनी वाट पाहिली. आपण नको ते बोलून बसलो, आता उरलंसुरलंही गेलं, असं त्यांना वाटलं.

"बरं, ठिवतो मंग," ते म्हणाले.

"ठिवू नका, आप्पा." आदिनाथ रडत होता. "ठिवू नका."